हवाई दलाचं विमान आपल्या शिवारात पडलं तर: चौकशी कशी होते आणि गावाला काय कळायला हवं

वर्धा जिल्ह्यातल्या एका सरपंचताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या गावावरून विमानं, हेलिकॉप्टरं नेहमी जातात. उद्या हवाई दलाचं एखादं विमान आमच्या शिवारात पडलंच, तर चौकशी कोण करतं? पहिल्या दिवशी गावानं काय करावं, काय करू नये? आणि ते का पडलं हे शेवटी आम्हाला कोणी सांगतं का, की पेपरात येईल तेच खरं मानायचं?"

ताई, मी हवाई दलाच्या तांत्रिक शाखेतून निवृत्त झालो. विमानांची देखभाल हे मूळ काम. त्या ओघात अपघातांच्या चौकशांवरही बसलो. आता आर्वीकडे शेती करतो. पडलेल्या विमानाभोवती दोरी बांधणारे आणि दोरीबाहेर ताटकळणारे, दोघांचंही म्हणणं मी जवळून ऐकलं आहे. तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा आहे. पण त्याची सुरुवात पहिल्या दिवशीच होते, कारण शेवटी जे कारण निघतं त्याचा बराचसा पुरावा त्या दिवशी तुमच्या लोकांच्या पायाखाली, डोळ्यांत आणि मोबाइलमध्ये असतो.

चौकशी कोणाची, हे आधी उरकून घेतो. नागरी विमान पडलं तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालचा विमान अपघात तपास ब्युरो येतो. मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात किरणापूरच्या डोंगराळ भागात पडलं, दोघं गेले; ते या ब्युरोच्या अखत्यारीतलं प्रकरण. नागरी अपघाताचा प्राथमिक अहवाल तीस दिवसांत द्यावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अहमदाबादचा अपघात १२ जून २०२५ चा, आणि त्याचा प्राथमिक अहवाल १२ जुलैला लोकांसमोर आला, तो या नियमामुळे. लष्करी विमानांना मात्र हा नियम लागू होत नाही. तिथे हवाई दल स्वतःच कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे दलाची अंतर्गत चौकशी समिती, बसवतं. अध्यक्ष सहसा अनुभवी वैमानिक असतो, बरोबर तांत्रिक अधिकारी आणि डॉक्टर असतात, आणि ही मंडळी शक्यतो त्या विमानाच्या युनिटबाहेरची असतात. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं आणि नागरिकांचं नुकसान किती झालं, एवढं त्यांनी लिहायचं असतं. कोणाला शिक्षा करायची झालीच तर ती पुढची वेगळी कारवाई. पोलिसांचं काम समांतर चालतं: माणूस दगावला असेल तर ठाणेदार मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल करतात, पंचनामा होतो.

आता पहिला दिवस.

वैमानिक बाहेर पडला असेल तर तो मलब्यापासून बराच दूर, एखाद्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात किंवा बाभळीच्या झाडावर पॅराशूटसकट सापडतो. इजेक्शन सीट माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या बारा-पंधरा पट जोराने वर फेकते. तो बोलत असेल, अगदी उभा राहिला असेल, तरी त्याचा मणका दबलेला किंवा मोडलेला असू शकतो. आपल्याकडे लगेच सुचेल ते म्हणजे त्याला मोटारसायकलवर मधात बसवून दवाखान्यात न्यायचं. तेच करायचं नाही. सपाट आडवं ठेवा, मान हलू देऊ नका, सावली करा, १०८ ला फोन लावा. पॅराशूट वाऱ्याने त्याला ओढत असेल तर कापड गोळा करून त्यावर चार जण बसा. माणूस कॉकपिटमध्येच अडकलेला दिसला तर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या किंवा लाल रंगाच्या मुठीला चुकूनही हात लावू नका. ती ओढली की सीटखालची काडतुसं आणि रॉकेट पेटतं. जमिनीवर पडलेल्या विमानातही ही यंत्रणा जिवंतच असते. ती निकामी करायला हवाई दलाचा शिकलेला माणूसच लागतो.

धुराच्या बाजूने जाऊ नका, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला दूर थांबा. नव्या विमानांच्या कवचात कार्बन फायबर भरपूर असतं. ते जळलं की केसाहून बारीक तंतू हवेत उडतात, श्वासात जातात, कातडीत रुततात. त्यातच फुटलेले ऑक्सिजनचे बाटले, दाबाखालची टाकी, तापलेले टायर. शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवायला जे फ्लेअर सोडतात, त्यांतले न पेटलेले पडलेले असू शकतात, आणि ते हातात पेटले तर विझत नाहीत.

भंगाराचं मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण आपल्या जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगाव आबाजीच्या भागात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. त्या पट्ट्यात स्फोटानंतरचा धातू वेचण्यावर किती घरांची चूल अवलंबून आहे, हे तेव्हा बाहेरच्यांना कळलं. ज्याच्या घरी मजुरी बुडाली की संध्याकाळची चिंता आहे, त्याला पडलेल्या विमानाचा पत्रा म्हणजे पैसा दिसणार. त्याला चोर म्हणून उपयोग नाही. पण त्याला दोन गोष्टी समजावून सांगायला हव्यात, आणि त्या पोलिसाने नाही, तुम्ही सांगायला हव्यात. एक म्हणजे हा धातू त्याच्या लेकराचा हात नेऊ शकतो. दुसरी गोष्ट पुढे सांगतो.

मलबा वाचायची पद्धत अशी असते की पथक आल्यावर आधी काहीच उचलत नाही. प्रत्येक तुकडा पडल्या जागी, पडल्या अवस्थेत टिपायचा, त्याला क्रमांक द्यायचा, नकाशावर मांडायचा, मगच हलवायचा. पहिला हिशेब चार टोकांचा: नाक, शेपटी आणि दोन्ही पंखांची टोकं. चारही एकाच जागी सापडली तर विमान जमिनीला लागेपर्यंत अखंड होतं, असं धरून पुढे जाता येतं. एक टोक नसेल तर ते हवेतच सुटलं, आणि मग विमान आलं त्या दिशेने मागे मागे शोधत जायचं. भंगारवाल्याला सांगायची दुसरी गोष्ट हीच. मुख्य मलब्यापासून चार-पाच किलोमीटरवर, दुसऱ्याच गावच्या धुऱ्यावर पडलेला हातभर पत्रा सगळ्या जळक्या ढिगापेक्षा मोलाचा असू शकतो, कारण सगळ्यात आधी तोच तुटलेला असतो. तो कोणी बंडीत टाकून घरी नेला, तर त्या अपघाताचं कारणच घरी नेलं. कदाचित त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात तसाच पत्रा आजही सैल असेल. असा तुकडा दिसला तर न उचलता मोबाइलवर फोटो काढा, जागेची खूण करा, कोतवालाला तिथे उभं करा.

उभं पीक हाही पुरावा असतो. तुरीचे किंवा पऱ्हाटीचे फणकट कुठल्या उंचीवर तुटले ते मोजत पुढे गेलं, की विमान कोणत्या कोनात खाली आलं ते निघतं. पहिलं फणकट छातीएवढ्या उंचीवर तुटलेलं, वीस पावलांवर गुडघ्याशी, त्यापुढे जमीन खरवडलेली, तर विमान उथळ कोनात, बहुतेक उतरायचा प्रयत्न करताना आलं. तूर उभीच आणि मधे एकच खोल खड्डा, तर नाकावर आलं. शेकडो माणसं आणि डझनभर गाड्या त्या वावरातून फिरल्या की हे मोजमाप कायमचं गेलं. गर्दी मागे ठेवायची ती यासाठीही.

आपल्या काळ्या जमिनीच्या दोन खोडी पथकाला गावकऱ्यांनीच सांगायला हव्यात, कारण ते अधिकारी पंजाबातून नाहीतर केरळातून आलेले असतात. एप्रिल-मे मध्ये भेगा इतक्या रुंद पडतात की कोपरापर्यंत हात जातो. बोल्ट, पिन, व्हॉल्व्हचे तुकडे त्यांत पडले की वरून काही दिसत नाही. पावसाळ्यात उलट होतं: इंजिन चिखलात खोल जातं, खड्डा तासाभरात पाण्याने भरतो, आणि घाईने जेसीबी घातला तर बकेटच्या दातांच्या खुणा आणि अपघाताच्या खुणा एकमेकांत मिसळतात. शेतमालकाला विचारून पाणी कोणत्या बाजूने काढायचं ते ठरवलं, तर अर्धा दिवस वाचतो.

पुढची तपासणी हँगरमध्ये आणि प्रयोगशाळेत होते. तिच्यातली एक-दोन कामं सांगतो, म्हणजे "अजून कारण का कळलं नाही" याचं उत्तर मिळेल. जुन्या विमानांत धोक्याच्या सूचना देणारे छोटे दिवे असत, आत टंगस्टनची तार. दिवा लागलेला असताना आघात झाला तर तापून मऊ पडलेली तार ताणली जाते, लांब होते. बंद असताना झाला तर ती थंड, ठिसूळ असते, सरळ तुटते. हरभऱ्याच्या दाण्याएवढा तो दिवा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि पाहायचं, की शेवटच्या क्षणी वैमानिकासमोर "इंजिनात आग" हा दिवा जळत होता की नाही. इंजिनाच्या पात्यांकडे पाहून कळतं की ते पूर्ण जोरात फिरत होतं की थांबलं होतं: फिरतं असेल तर पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकलेली किंवा मोडलेली असतात. चुरगळलेल्या पत्र्याची घडी उघडायची; आत काजळी असेल तर आग आधीची, हवेतली, आणि घडीच्या आत पत्रा स्वच्छ असेल तर आग जमिनीवर आपटल्यानंतरची. पक्षी धडकला असेल तर पिसं आणि रक्ताचा डाग पुसून घेऊन जात ओळखली जाते. ज्या टँकरमधून इंधन भरलं तो बाजूला काढून नमुना घेतला जातो, विमानाची देखभाल-वही म्हणजे फॉर्म ७०० त्याच दिवशी सील होते, रडारची आणि रेडिओवरच्या बोलण्याची नोंद ताब्यात जाते. शवविच्छेदनाचे निष्कर्ष बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेतल्या तज्ज्ञांनी तपासायचे असतात. रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, सापडला की सगळं संपलं, असं टीव्हीवर वाटतं. तो भडक नारिंगी डबा काय झालं ते सांगतो; का झालं ते या बाकीच्या कामातून निघतं.

आणि साक्षीदार. यात गावाचा वाटा सगळ्यात मोठा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र आठवा. सगळ्या विदर्भाने आकाशातून जळत जाणारे दिवे पाहिले. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पडलं म्हणालं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं, नंतर आसपास धातूचे गोळे सापडले. ते चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांचं मत पडलं. त्या रात्री शेकडो किलोमीटर अंतरावरची माणसं शपथेवर सांगत होती की ते "आमच्या गावामागेच" पडलं. यात कोणी खोटं बोलत नव्हतं. काळ्या आकाशातल्या प्रकाशाचं अंतर डोळ्याला कळत नाही. म्हणून जाणता तपासनीस "काय झालं?" असं विचारत नाही. तो साक्षीदाराला त्याच जागी घेऊन जातो: तुम्ही कुठे उभे होता, तोंड कोणीकडे होतं, विमान त्या निंबाच्या डावीकडून गेलं की उजवीकडून, आधी धूर दिसला की आधी आवाज आला. पुष्कळ लोक "हवेतच पेटलेलं होतं" असं सांगतात, कारण जमिनीवरचा भडका मनात मागे सरकून आकाशातल्या चित्राला चिकटतो.

उत्तरेकडच्या एका चौकशीत एक म्हातारा गुराखी होता. सगळं गाव आगीबद्दल बोलत होतं. तो म्हणाला, मी पाहिलंच नाही, मी म्हशी वळवत होतो. म्हणून त्याला कोणी पुढे आणला नव्हता. पण त्याने ऐकलं होतं. रोजचा आवाज येत होता, मग दोनदा बंदुकीसारखा बार झाला, मग नुसती शिट्टी, मग काहीच नाही. जेट इंजिनातला हवेचा प्रवाह अडखळला की असाच बार होतो. त्याच्या सांगण्यावरून पथकाने इंजिनाचा पुढचा भाग आधी उघडला, आणि बिघाड तिथेच होता. म्हणून म्हणतो, ताई, ज्यांनी काही "पाहिलं नाही" त्यांनाही विचारा. आणि सगळ्यांचं बोलणं पारावर एकत्र बसून होण्याआधी, एकेकाचं वेगळं लिहून ठेवा. रात्रभर चर्चा झाली की सकाळी सगळ्या गावाचं एकच बयान तयार असतं, आणि ते कशाच्याही कामाचं नसतं. व्हिडिओ असेल तर व्हॉट्सॲपवरून पाठवू नका; त्यात मूळ फाइल बारीक होते, वेळेची नोंद जाते. मोबाइलमधली मूळ फाइल तशीच ठेवा आणि पथकाला द्या.

आता लोकांना सांगण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: काही गोष्टी झाकून ठेवणं रास्त आहे, पण त्या झाकणाखाली अपघाताचं कारण जाता कामा नये.

झाकायच्या गोष्टी कोणत्या? रडार, शस्त्रं, शत्रूला चकवायची साधनं, त्यांची क्षमता. आणि चौकशीत माणसांनी दिलेल्या जबान्या. यावर लोक चिडतात, पण एका मेकॅनिकच्या जागी उभं राहून पाहा. रात्री अडीचला थकून त्याने एक स्क्रू हाताने फिरवून सोडला, पान्याने आवळला नाही. हे त्याने खरं सांगावं असं वाटत असेल, तर त्याचं वाक्य दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या पट्टीवर जाता कामा नये. ते गेलं तर पुढच्या वेळी कोणीच बोलणार नाही, आणि पुढचं विमान पडेल. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात कॉकपिटमधल्या संभाषणातला एक प्रश्न आणि एक उत्तर आलं, इंधन का बंद केलंस आणि मी नाही केलं. तेवढ्या दोन ओळींवर देशभरात मेलेल्या माणसांवर खटले चालले. कुटुंबांचं काय झालं असेल, याचा विचार करा.

पण कारण सांगायलाच हवं, आणि हवाई दलाला ते येतं. ८ डिसेंबर २०२१ ला तामिळनाडूत कुन्नूरजवळ एमआय-१७ व्ही ५ हेलिकॉप्टर पडलं. तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जण त्यात होते. तेरा त्याच दिवशी गेले आणि ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवड्याने. देश हादरला, घातपाताच्या कहाण्या दुपारपर्यंत प्रत्येक मोबाइलवर होत्या. तिन्ही दलांची चौकशी बसली आणि १४ जानेवारी २०२२ ला, म्हणजे सुमारे पाच आठवड्यांत, हवाई दलाने प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला: यांत्रिक बिघाड नाही, घातपात नाही, हलगर्जी नाही; दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचं दिशाभान गेलं आणि विमान ताब्यात असतानाच जमिनीला धडकलं. दिशाभान जाणं म्हणजे काय, तर फुगडी थांबल्यावरही अंगण फिरतच राहतं ना, तसं ढगात बाहेरचं काही दिसेनासं झालं की कानातली तोलाची यंत्रणा खोटं सांगू लागते आणि माणसाला ते खरंच वाटतं. त्या निवेदनात एकही गुपित फुटलं नव्हतं, तरी सामान्य माणसाला घटना समजली. तीन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातल्या ३४ अपघातांची यादी आली. त्यात कुन्नूरपुढे कारण होतं: मानवी चूक, वैमानिक. पुन्हा मथळे झाले, जणू काही नवं सापडलं. यादीतली नोंद चूक नव्हती, पण दोन शब्दांच्या रकान्यात ढग, दरी, अचानक बदललेलं हवामान यातलं काहीच मावलं नाही, आणि गेलेल्या वैमानिकाच्या घरच्यांपर्यंत फक्त दोषच पोहोचला. म्हणून कारण सांगताना त्या रकान्यावर थांबू नये, घटनाक्रम सांगावा, असं मी सेवेत असतानाही म्हणत होतो.

दुसरं उदाहरण याहून अवघड आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचं हेलिकॉप्टर पडलं. त्यातले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं गेलं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ती मोठी चूक होती हे उघडपणे मान्य केलं. त्या कबुलीने दलाची पत कमी झाली नाही. मला खंत आहे ती मधल्या सात महिन्यांची, ज्यांत त्या सात घरांना बातम्यांतून तुकडे जोडत बसावं लागलं.

सुरुवातीच्या तासांत मात्र कमी बोलावं आणि लवकर बोलावं. २८ जानेवारी २०२३ ला ग्वाल्हेरहून उडालेली सुखोई-३० आणि मिराज-२००० ही दोन विमानं मुरैनाजवळ पडली आणि काही मलबा राजस्थानात भरतपूरला गेला. भरतपूरचं ते खासगी चार्टर विमान आहे, अशी बातमी आधी पसरली. दोन राज्यांत दोन वेगळे अपघात झाले असं काही काळ लोकांना वाटत होतं. पहिलं निवेदन तासाभरात आलं आणि त्यात विमानाचा प्रकार, जागा, वेळ, वैमानिकांची स्थिती, नागरिकांना इजा झाली की नाही आणि चौकशी बसली, एवढंच असलं तरी पुरतं. वैमानिकाचं नाव घरी कळेपर्यंत कोणीही बाहेर काढू नये. तुमच्या गावातल्या कोणी त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली असेल, तर ते नाव गावाबाहेर जाऊ न देणं हे तुमच्या हातात आहे. कुठल्यातरी घरात त्याची आई टीव्हीसमोर बसलेली असते.

विदर्भात हे निवेदन मराठीत पोहोचत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय नागपूरला वायुसेना नगरात, संरक्षण खात्याचं जनसंपर्क कार्यालयही नागपुरात, तरी शिवारात उभा असलेला अधिकारी हिंदीत दोन वाक्यं बोलतो आणि गाडीत बसतो. तुम्ही आग्रह धरा. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर अधिकारी आणि तहसीलदार दोघांनी उभं राहावं, एकाने सांगावं, दुसऱ्याने मराठीत. काय ठाऊक आहे, काय तपासणं सुरू आहे, विहिरीचं पाणी प्यायचं की नाही, ढोरं कुठे सोडायची, दोरी किती दिवस राहील, पुन्हा कधी सांगायला येणार. लोक रागवतील, विचारतील, "आमचं वावर गेलं त्याचं काय जी?" ते ऐकून घ्यावं. ज्या गावाला असं सांगितलं जातं तिथून घरात नेलेले तुकडे रात्रीत परत येतात. हे मी पाहिलं आहे.

नुकसानीचं थोडक्यात. लढाऊ विमानात हजारो लिटर इंधन असतं. ते जमिनीत मुरलं असेल तर माती आणि जवळच्या विहिरीचं पाणी तपासून मागा, अहवाल येईपर्यंत ते पाणी वापरू नका. पीक पंचनाम्यात तलाठी आणि कृषी सहायकाकडून दोन नोंदी वेगळ्या करून घ्या: आग-मलब्याने गेलेलं पीक, आणि बंदोबस्त, गाड्या, गर्दीने तुडवलेलं पीक. दुसरी नोंद बहुतेकदा राहून जाते आणि नुकसान बरेचदा तिचंच जास्त असतं. चौकशी अधिकाऱ्याला या पंचनाम्याची प्रत द्या.

आणि कारण मागायचं कसं? पथक निघण्याआधी संपर्क अधिकाऱ्याचं पद, युनिट आणि कार्यालयाचा पत्ता लिहून घ्या. तीन महिन्यांनी ग्रामसभेचा ठराव करा आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत हवाई दल मुख्यालयाला पाठवा. ठरावात अहवाल मागू नका. तो मिळणार नाही. चौकशी पूर्ण झाली का, अपघाताचं कारण कोणत्या प्रकारात मोडतं, गावाच्या बाजूने काही धोका शिल्लक आहे का आणि भरपाईचं प्रकरण कुठे आहे, एवढंच विचारा. हेच चार प्रश्न माहिती अधिकारातही विचारता येतात, अर्ज मराठीत चालतो, शुल्क दहा रुपये. सुरक्षेचं कारण देऊन कलम ८ खाली नकार येऊ शकतो. मग पहिल्या अपिलात त्याच कलमातल्या व्यापक जनहिताच्या तरतुदीकडे बोट दाखवा आणि लिहा की आम्हाला यंत्रणेची माहिती नको, आमच्या शिवारात काय घडलं ते हवं आहे. त्याच वेळी तुमच्या खासदारांना ठरावाची प्रत द्या. संसदेत लेखी प्रश्न विचारला की संरक्षण मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक कागदाची पोच घ्या, आणि एक संच ग्रामपंचायतीच्या दप्तरात वेगळ्या फाइलमध्ये लावून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्या सरपंचालाही पाठपुरावा करता येईल.